लालबागचा मसाला, ओली मिरची आणि न घेतलेली पावती

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात लालबागहून कुटून आणलेल्या मसाल्याला गणपतीच्या आधीच बुरशी धरली, तर तो पुन्हा भाजून वापरावा का? शिवाय परळच्या आसपास यंदा कुठे खावं आणि वाणसामान कुठून आणावं, हेही विचारलंय. पहिला प्रश्न वाचून पोटात गलबललं. माझा अख्ख्या वर्षाचा मसाला असाच गेलाय.

वापरू नका, टाकून द्या. मी डॉक्टर नाही, पण मिरचीवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते घरच्या कढईत भाजून जात नाही, एवढं नक्की. पैसे गेले ते गेले.

माझं २०२२ साली झालं. मे संपत आलेला, आभाळ भरून आलेलं आणि मला एकच रविवार मोकळा होता. मिरची गल्लीत बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक किलो घेतली. धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, सगळं मनासारखं मिळालं. देठ काढताना मिरची कटकन मोडायला हवी, ती नुसती वाकत होती. मसाला कुटायच्या डंकावरच्या मावशींनी हातात घेऊन सांगितलं, "ताई, ओली आहे, दोन उन्हं दाखवा." मी ऐकलं नाही, म्हटलं भाजताना सुकेल. श्रावणात बरणी उघडली तर चमच्याला मसाल्याचा गोळाच आला, आत पांढरी जाळी आणि कोंदट वास. वरचे हिंगाचे खडे तसेच होते. हिंगाने पोरकिडे दूर राहत असतील, ओल थोडीच जाते?

दुसरी चूक याहून महाग पडली. पावती घेतली नव्हती. दुकानदार म्हणाला, माल आमचा कशावरून? एका सरकारी कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा पावती मागितली, दुसऱ्यांदा उघडलेल्या बरणीतला नमुना चालणार नाही म्हणाले, तिसऱ्यांदा साहेब जागेवर नव्हते. अर्ज घेतल्याची पोचसुद्धा मिळाली नाही. त्याचा राग अजून आहे. १ जानेवारी २०२२पासून बिलावर दुकानाचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असायलाच हवा. तेव्हा छापील बिल मागा, देत नसतील तर पुढच्या दुकानात जा. सगळे दुकानदार असे नसतात, आता ज्यांच्याकडून घेते ते न मागता बिल देतात.

माझं मत असं की मसाला मार्च-एप्रिलमध्येच करावा. मिरची आदल्या आठवड्यात आणून घरी वाळवावी आणि कुटलेला मसाला पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नये. गरम भरला की झाकणाला पाणी सुटतंच.

सुक्या मासळीलाही हीच परीक्षा. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी सोडे-बोंबील घेऊन ठेवा, पण बोंबील कडक हवा. लवचिक असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

खाण्याचं थोडक्यात सांगते. लालबागला खरेदी झाली की लाडू सम्राटची मिसळ. दादरला शिवसेना भवनाजवळ प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, माझ्यासाठी यंदाही पहिला नंबर त्याचाच. तिथेच आस्वाद आहे, पण रविवारी सकाळी रांगेची तयारी ठेवा. दादर स्टेशनजवळ मामा काणे १९१०पासून आहे, बटाटावडा खा. कोरडा फराळ लालबागच्या चिवडा गल्लीतून, तोही चाखून.

पुढच्या मार्चपर्यंत तयार मसाला पाव-पाव किलोच आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तुमच्याकडे मालवणी लागतो की घाटी ते कळवा, मिरचीचं प्रमाण त्यावर ठरतं. माझं वरचं प्रमाण मालवणीचं आहे.