हूबरचा हूव्हर कुणी केला?

प्रश्न: मुलाकडून अमेरिकन प्रेसिडेंट्सची लिस्ट पाठ करून घेत होते, तर नवरा मध्येच म्हणाला की हर्बर्ट हूव्हर मूळचा जर्मन, खरं आडनाव हूबर, एलिस आयलंडवरच्या क्लार्कने चुकीचं लिहिलं. खरंय का? आणि तो एफबीआयवाला एडगर हूव्हर ह्यांच्याच घरातला का?

उत्तर: नवऱ्याला अर्धे मार्क द्या. हूबर बरोबर, एलिस आयलंड साफ चूक. न्यूयॉर्कच्या बंदरातलं, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारं ते सेंटर सुरू झालं १८९२ साली आणि हूव्हरचा पूर्वज आंद्रेआस हूबर अमेरिकेत उतरला १७३८ मध्ये, फिलाडेल्फियात, म्हणजे तब्बल दीडशे वर्षं आधी! शिवाय एलिस आयलंडवर नावं नव्याने लिहीतच नसत, बोट जिथून सुटली तिथेच बनलेली यादी समोर ठेवून फक्त टिक करत. पण ही क्लार्कची गोष्ट इतकी गोड आहे की मरतच नाही.

मग बदललं कुणी? कुणीच नाही, कानाने बदललं. आंद्रेआस होता जर्मनीच्या फाल्ट्स भागातल्या एलरश्टाट गावचा, आणि तिकडच्या बोलीत दोन स्वरांच्या मधला 'ब' ढिला पडून 'व' सारखा ऐकू येतो, म्हणजे हूबर लिहायचं आणि हूवर म्हणायचं. आता इंग्रज शेजारी जे ऐकणार तेच लिहिणार ना, 'ऊ' साठी दोन ओ, मध्ये व्ही, झाला हूव्हर. जर्मन वंशाची मंडळी काही दिवस दोन्ही स्पेलिंग चालवायची, कोणाला घाई नव्हती.

हूबर म्हणजे 'हूबे' कसणारा शेतकरी. हूबे म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन, माप मात्र प्रत्येक भागात वेगळं. पूर्वेकडे सॅक्सनी, सायलेशियात ह्यावरूनच ह्यूब्नर झालं. बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड सगळीकडे हूबे होत्या, म्हणून हूबरही पोत्याने, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. सगळे देशमुख कुठे एकमेकांचे चुलतभाऊ असतात!

हर्बर्टचं घराणं मात्र फिरतं निघालं, आधी मेरीलँड, मग नॉर्थ कॅरोलिना, आणि ते क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) असल्यामुळे, गुलामगिरी नकोशी झालेल्या बाकीच्या क्वेकरांसारखेच ओहायोला गेले, तिथून आयोवा. तिथल्या वेस्ट ब्रांच गावात १८७४ मध्ये हर्बर्ट जन्मला, मिसिसिपीच्या पश्चिमेला जन्मलेला पहिला प्रेसिडेंट.

आणि एडगर? आडनाव सारखं म्हणून नातं लावायला जाऊ नका. खरंच शोधायचं असेल तर अमेरिकेतलं स्पेलिंग बाजूला ठेवा आणि जर्मनीतलं मूळ गाव गाठा, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदी तिथल्या चर्चच्या वहीत असतात, आणि तिथे आंद्रेआसच्या बापाचं नाव हूबर असंच सापडेल.