आधी दहा-बारा जण त्याच उतारावरून गेलेत आणि बर्फही घट्ट लागतोय. मग हिमस्खलनाची भीती नाही असं धरून चालावं का?

नाही. तुम्ही दिलेल्या दोन्ही कारणांवर मी तरी पाऊल टाकणार नाही.

माणसं गाडणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅबची असतात. वरचा थर एकसंध झालेला असतो, तोच स्लॅब, आणि त्याच्याखाली कुठेतरी एक कच्चा थर दबलेला असतो. तुमच्या वजनाने तो कच्चा थर एका जागी मोडला की तडा क्षणात आडवा पसरतो आणि वरचा अख्खा थर निसटतो. म्हणजे बर्फ पायाला घट्ट लागतो याचा अर्थ कधीकधी एवढाच, की निसटायला स्लॅब तयार आहे. वाऱ्याने आडोशाच्या बाजूला आणून टाकलेला बर्फ तर बऱ्याचदा असाच असतो. वर टणक, आणि काठी आपटली तर पोकळ आवाज.

आधी गेलेल्यांचं म्हणाल, तर स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. ते जाड भागावरून गेले असतील. तुमचं पाऊल चार हात बाजूला, खडकाजवळच्या पातळ भागावर पडलं, तर तिथून कच्च्या थरापर्यंत वजन सहज पोचतं. अकराव्या माणसाखाली उतार सुटल्याची उदाहरणं आहेत.

हा कच्चा थर बघायचा असेल तर खड्डा खणा. बर्फ कमी पडलेला आणि थंडी कडक असली की जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, वरचा मात्र कितीतरी खाली जातो. 10 सेंटिमीटरमागे साधारण 1 अंशाहून जास्त फरक असेल तर वाफ वर सरकते आणि कण टोकदार, सुटे होत जातात. मुठीत दाबून बघा, गोळा होत नाही. जाड साखरेसारखा बोटांतून गळून जातो. असा थर दोन दिवसांच्या उन्हाने बरा होत नाही, आठवडेच्या आठवडे टिकतो. पण एका खड्ड्यात तो सापडला नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. खड्डा फक्त ‘जाऊ नका’ सांगण्यापुरता उपयोगी, ‘जा’ सांगायला नव्हे.

म्हणून मी बर्फाच्या आधी उतार बघतो. स्लॅब बहुधा 30 ते 45 अंशांत सुटतात, त्यातही 38 च्या आसपास सगळ्यात जास्त. 1:25,000 च्या नकाशावर 20 मीटरच्या समोच्च रेषांमधलं अंतर 1.4 मिलिमीटरपेक्षा कमी झालं, की तुम्ही 30 च्या वर आहात. जागेवर काठी बर्फावर थेट उताराच्या दिशेने, वरून खाली अशी ठेवून त्यावर फोनचं कोनमापक ठेवलं तरी कळतं. नकाशात छोटे तीव्र टप्पे दिसत नाहीत, तेव्हा दोन्ही करा. आणि तुमची वाट 20 अंशांची असली तरी डोक्यावर 38 चा उतार असेल, तर हिशोब त्याचा करायचा. सपाटीवरून चालतानाही वरचा स्लॅब सुटू शकतो, कारण तडा कच्च्या थरातून वर धावतो.

पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, स्कीच्या टोकापासून भेग पळत गेली, किंवा शेजारच्या तशाच उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर पुढे चर्चा नको. त्या दिवशी 30 च्या खालीच राहायचं. हिमस्खलनाच्या इशाऱ्यात धोक्याची पातळी 5 पैकी 3 लिहिलेली दिसली की लोकांना ते मधलंच वाटतं. पण जीव गेलेल्या अपघातांत या 3 च्या दिवसांचा वाटा फार मोठा आहे.

तरीही तो उतार ओलांडायचाच असेल, तर एकेकाने जा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच, आणि ट्रान्सीव्हर अंगावर चालू हवा, पिशवीत नाही. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास येतं. तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. खणायचं ते तुमच्या सोबत्यांनीच, म्हणून सगळे एकाच वेळी त्या उतारावर असता कामा नये.