व्याख्यानात परिभाषा किती असावी?

प्रश्न : सामान्य श्रोत्यांसमोर विज्ञानावर बोलताना परिभाषा पूर्णपणे टाळावी का?

उत्तर : तशी गरज नाही, मात्र आधी प्रयोग आणि मग संज्ञा, हा क्रम सोडू नये. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली सुरू झालेल्या नाताळ व्याख्यानमालेत मायकेल फॅरेडे यांनी साध्या मेणबत्तीवर व्याख्याने दिली. नुकत्याच विझवलेल्या वातीतून निघणाऱ्या पांढुरक्या धुरात, वातीपासून दोन-तीन इंचांवर, पेटती काडी धरली की ज्योत धुरातून धावत वातीवर येते. हे डोळ्यांनी पाहिलेल्या श्रोत्याला, जळते ते मेणाचे बाष्प, हे सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या वक्त्याला (असे पुष्कळ असतात) मात्र सोपी भाषाही तारू शकत नाही.