मंडळाच्या मिरवणुकीला परवानगी कुठून घ्यायची?

रस्त्यावरच्या मंडपाला महापालिकेची परवानगी असली तरी मिरवणुकीला ती चालत नाही. मिरवणुकीसाठी स्थानिक पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज द्या. त्यात तारीख, सुरुवातीची आणि विसर्जनाची वेळ, चौकाचौकासह मार्ग, अंदाजे लोक, वाहनं आणि दोन-तीन जबाबदार कार्यकर्त्यांचे मोबाइल नंबर लिहा. पोच घ्याच.

अर्ज बहुतेक वेळा मार्गावरून अडकतो. हद्द ओलांडली की दुसऱ्या ठाण्याचाही प्रश्न येतो, म्हणून नकाशा जोडा.

स्पीकरची परवानगी वेगळी. रात्री 10 ते सकाळी 6 बंद. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच 12 पर्यंत सूट. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 चा जमावबंदी आदेश चालू असेल, तर ‘नुसते पन्नास जण होतो’ हा बचाव टिकत नाही.