ट्रिगर इलेक्ट्रॉनिक्स बदलण्याऐवजी डिस्क का वाढवत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की, कोलायडरच्या, म्हणजे कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या, डिटेक्टरमधला सगळा डेटा साठवून नंतर निवांत चाळता येईल, मग ट्रिगरची, म्हणजे कोणता डेटा ठेवायचा हे क्षणात ठरवणाऱ्या यंत्रणेची, इलेक्ट्रॉनिक्स बदलण्यावर एवढा खटाटोप कशाला? मी ट्रिगर बोर्डांचं फर्मवेअर (त्यांच्या चिपमध्ये चालणारा कोड) लिहितो, म्हणून सांगतो: डेटा डिस्कपर्यंत पोचतच नाही. घोडं त्याच्या बरंच आधी अडतं.

सर्नच्या एलएचसी या कोलायडरमध्ये दर 25 नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना छेदतात. तिथल्या सीएमएस डिटेक्टरमधून आज सेकंदाला जेमतेम 1 लाख घटनांची (एक छेद म्हणजे एक घटना) पूर्ण माहिती बाहेर काढता येते. कोणत्या, हे पहिल्या पातळीचा ट्रिगर ठरवतो. तोवर माहिती डिटेक्टरवरच्याच चिपमध्ये रांगेत थांबते, आणि ही रांग आहे सुमारे 4 मायक्रोसेकंदांची. त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. निकाल कितीही अचूक असो, उशिरा आला की रद्दी. त्यात फायबरमध्ये प्रकाशाला मीटरमागे 5 नॅनोसेकंद लागतात. 100 मीटर जायचं-यायचं म्हटलं की 1 मायक्रोसेकंद केबलनेच खाल्ला! म्हणून केबल कुठून न्यायची यावर आमच्याकडे मीटर-मीटरसाठी वाद होतात.

पुढच्या, जास्त तीव्रतेच्या एलएचसीमध्ये एकाच छेदात 200 पर्यंत टकरी होतील. त्या गर्दीत नुसत्या ऊर्जेवरून निवड करायची तर उंबरठा इतका वर न्यावा लागेल, की हवे ते कणही बाहेर राहतील. म्हणून सीएमएसमध्ये ट्रॅकरमधल्या (कणांच्या वाटा टिपणाऱ्या भागातल्या) वाटा पहिल्याच पातळीवर, एफपीजीएमध्ये (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपमध्ये) जुळवायच्या आहेत. त्याला वेळ लागतो, म्हणून रांग 12.5 मायक्रोसेकंदांची, आणि निवडीचा वेग सेकंदाला 7.5 लाख घटनांचा. खरी मेख इथे आहे: रांग डिटेक्टरवर असल्यामुळे नुसते ट्रिगर बोर्ड बदलून भागत नाही, कॅलरीमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) आतली इलेक्ट्रॉनिक्सही उपसावी लागते.

बदलतानाही जुनं एकदम काढून टाकत नाहीत. सीएमएसच्या आधीच्या अपग्रेडमध्ये 2015 साली नवी यंत्रणा जुनीच्या शेजारी खऱ्या डेटावर चालवून पाहिली आणि 2016 मध्ये निर्णय तिच्या हाती दिला.

आणि एवढं करून माणूस अडकतो कशात? आमच्या चाचणीत एकदा सगळे लिंक हिरवे, चुका शून्य, पण ऊर्जेचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा. दोन दिवस मी माझा कोड उकरत बसलो. निघालं काय, तर 12 फायबरची केबल उलट्या जोडणीची होती: पहिला फायबर बाराव्या जागी. तेव्हापासून नवी केबल आली की आधी पहिल्या फायबरमधून ठरावीक नमुना सोडतो आणि तो पलीकडे कुठे उगवतो ते बघतो. कण नंतर.