"मी खोटं बोलले का?"

"मॅडम, गोड बोललं की लोक गृहीत धरतात." समुपदेशन करताना हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानावर पडतं. कधी शिक्षक म्हणतात, कधी संघटनेचा कार्यकर्ता, कधी मोठ्या हुद्द्यावरचे साहेब. धास्ती सगळ्यांची एकच: आवाज खाली आणला की मुद्द्याचं वजनही जाईल. त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

त्या एका सामाजिक संस्थेच्या कार्यवाह. पन्नाशीच्या, कामाला वाघ. वार्षिक सभेत खजिनदारांच्या जमाखर्चात चूक निघाली, तेव्हा साठ-सत्तर सभासदांसमोर या म्हणाल्या, "साधी बेरीज येत नाही, आणि पदं हवीत!" हशा पिकला. खजिनदारांनी कागद गोळा केले आणि खाली बसले. त्यानंतर ते संस्थेकडे फिरकले नाहीत. बाईंची झोप उडाली म्हणून त्या माझ्याकडे आल्या, पण आल्या त्या खटला लढवायच्या तयारीनं.

"मी खोटं बोलले का?"

"नाही. बेरीज चुकलीच होती."

"मग झालं तर!"

तीन भेटी आम्ही इथंच अडकलो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणारी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ पासून मांडायला घेतली. तिचा गाभा मला आजही पटतो: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. (खुद्द एलिस भर व्याख्यानात शिव्या हासडत, हे मात्र मी सहसा सांगत नाही.) पण तत्त्व सांगून इथं काम होत नव्हतं. बाई मान डोलवत आणि पुन्हा बेरजेवर येत.

चौथ्या भेटीला त्यांना सभेच्या इतिवृत्ताची वही आणायला सांगितली. इतिवृत्त त्यांनीच लिहिलेलं, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षर. म्हटलं, मोठ्यानं वाचा.

"विषय क्रमांक ३. जमाखर्चाच्या पत्रकात तफावत आढळली. खजिनदारांनी दुरुस्त पत्रक पुढील सभेत सादर करावे असे ठरले."

"आणि तुमचं ते वाक्य?"

"ते कशाला लिहीन? त्याचा विषयाशी काय संबंध?"

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प बसता येणं ही या कामातली माझी खरी कमाई. शिकायला बरीच वर्षं गेली. त्यांचं बोट त्या ओळीवरच थांबलं होतं. मिनिटभरानं वही मिटून त्या म्हणाल्या, "म्हणजे लिहिताना मला कळत होतं."

मलाही तेव्हाच उमगलं. तोवर मी याला रागाचा प्रश्न समजत होते. पण ते वाक्य खजिनदारांसाठी नव्हतंच, ते हशासाठी होतं. खजिनदार नुसते निमित्त. चूकच दाखवायची होती तर ती आकड्यांत दाखवता आली असती. तफावत दाखवली तर माणूस हिशेब दुरुस्त करतो. 'बेरीज येत नाही' याला तो काय उत्तर देणार, उभ्या सभेत बेरीज करून दाखवणार? माइक ज्याच्या हातात, त्याच्यावर जबाबदारी जास्त येते ती यासाठी.

म्हणून सौम्य बोला म्हणजे गुळगुळीत बोला, असं मी कुणालाच सांगत नाही. पैसा लोकांचा असेल तर चूक झाकणं हाही अन्यायच. "पत्रकात फरक आहे, दुरुस्ती होईपर्यंत मंजुरी देऊ नये" हे चांगलं कडक वाक्य आहे आणि त्यात कुणाची अक्कल निघत नाही. चारचौघांत बोलण्याआधी मी एवढंच विचारून बघायला सांगते: हे वाक्य इतिवृत्तात माझ्या सहीवर चालेल? चालणार नसेल, तर तो बहुधा मुद्दा नसून शेरा असतो.

माफी फोनवर मागायला त्या लगेच तयार झाल्या. मी विचारलं, "अपमान कुठं झाला होता?" हा प्रश्न त्यांना फार जड गेला. आणखी दोन भेटी त्यातच गेल्या.

पुढच्या सभेला खजिनदार आले नाहीत. दुरुस्त पत्रक त्यांनी पाकिटातून पाठवलं होतं. काही दिवसांनी बाई वही घेऊन आल्या आणि न बोलता माझ्यापुढे उघडून ठेवली. तीच निळी शाई. "विषय क्रमांक १. कार्यवाहांनी मागील सभेत खजिनदारांविषयी काढलेले उद्गार मागे घेतले व दिलगिरी व्यक्त केली."