पाळकाची श्रद्धा सुटते तेव्हा

"श्रद्धाच उरली नाही, तर इतकी वर्षे मी लोकांना फसवतच होतो का?" हा प्रश्न घेऊन निरनिराळ्या धर्मांची माणसे समुपदेशकाकडे येतात. ज्याचे घर, पगार आणि समाजातील स्थान त्या श्रद्धेवरच उभे असते, त्याच्यासाठी मात्र तो प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. पुढील अनुभव माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, एका प्रोटेस्टंट मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) पाळकांचा, म्हणजे धर्मोपदेशकांचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्याच भेटीत त्यांनी मागणी केली, "एक तर माझा विश्वास परत मिळवून द्या, नाहीतर मला काही आजार झाला आहे का ते सांगा." पहिली गोष्ट समुपदेशनाच्या कक्षेतली नव्हे. दुसरीचे उत्तर देता आले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी स्वतंत्र नोंद दाखल झाली. श्रद्धा गमावणे किंवा तिच्याविषयी शंका येणे ही तिथे दिलेली उदाहरणे असून, ही नोंद मनोविकारांत केलेली नाही, तर लक्ष देण्याजोग्या इतर बाबींत केली आहे. झोप, भूक आणि जीव नकोसा होण्याचे विचार यांबद्दल मी अर्थातच स्पष्ट विचारले, कारण अशा उलथापालथीत खरे नैराश्यही दडलेले असू शकते. त्यांच्या बाबतीत झोप सोडल्यास फारसे काही बिघडलेले नव्हते.

श्रद्धा सुटलेला माणूस चर्चवर रागावलेला असणार, असा एक सार्वत्रिक समज आहे. हे गृहस्थ कोणावरही रागावलेले नव्हते. ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणात शुभवर्तमानांचे, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांचे, लेखक कोण आणि ती केव्हा लिहिली गेली, याची चिकित्सा त्यांनी केली होती आणि तिथे उठलेले प्रश्न 'पुढे पाहू' म्हणून बाजूला ठेवले होते. पुढे आजारी मुलांच्या खाटेशी बसताना ते प्रश्न परत आले. वाचन वाढले आणि अखेरीस ईश्वराचा आधार न घेता माणसाच्या विवेकावर व करुणेवर नीती उभी करणारा इहवादी मानवतावाद त्यांना पटला. अंत्यविधीत पुनरुत्थानाचा, म्हणजे मृत पुन्हा उठतील असे सांगणारा, उतारा वाचताना ते आताशा पुस्तकावरची नजर काढून घेत आणि पुढच्या बाकावरील घरच्या माणसांकडे पाहत. शब्द पाठ होते, पण छापील ओळीकडे पाहून ते उच्चारणे त्यांना जमत नव्हते.

फसवणुकीचा प्रश्न आम्ही त्यांच्या रोजनिशीवरून सोडवायला घेतला. एका साध्या आठवड्यातील प्रत्येक कामापुढे त्यांनी लिहायचे होते, की ईश्वर नाही असे मानले तर हे काम खोटे ठरते का. विधवा बाईंची विचारपूस, नवरा-बायकोचे भांडण मिटवणे, रुग्णालयातील रात्र, यांपुढे त्यांनी 'नाही' लिहिले. उपदेश आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस वाटण्याचा विधी) यांपुढे मात्र पेन अडले. त्यातून दिसले ते असे, की सगळी सेवा खोटी नव्हती. मनातून विश्वास गेल्याचे कळल्यानंतरही व्यासपीठावरून तोच विश्वास सांगितला, तो अलीकडचा काळ खोटा होता. त्या काळाची अपराधी भावना मी पुसायला गेलो नाही. आम्ही समुपदेशक दोषमुक्त करण्याची जरा घाई करतो, असे माझे मत आहे. अपराधभाव रास्त असेल तर त्याचे माप नेमके ठरवणे पुरते.

त्यांचा बेत होता येत्या रविवारच्या उपासनेतच सर्व जाहीर करण्याचा. मी त्याला विरोध केला, कारण त्यांना मोकळे वाटले असते, पण पत्नीला ती बातमी सगळ्यांच्या देखत ऐकावी लागली असती. शिवाय राहते घर मंडळीचे होते. अशा अडचणींमुळेच २०११ साली श्रद्धा गमावलेल्या आजी-माजी धर्मोपदेशकांसाठी 'द क्लर्जी प्रोजेक्ट' हा गोपनीयता पाळणारा गट सुरू झाला. त्याविषयी सांगितल्यावर, आपण एकटे नाही हे त्यांना प्रथमच पटले. मग त्यांनी पत्नीला घरी सांगितले. तिने ईश्वराविषयी काहीच विचारले नाही. "कधीपासून?" आणि "मला आत्ता सांगताय?" एवढेच ती म्हणाली. पुढच्या काही भेटी त्या दोघांच्या झाल्या आणि त्या सर्वांत कठीण होत्या. ती आजही उपासनेला जाते, मात्र दुसऱ्या मंडळीत.

पुढे त्यांनी पाळकपद सोडले. राजीनाम्यानंतर एक वेगळीच अडचण उभी राहिली. मानवतावाद्यांचा अ‍ॅमस्टरडॅम जाहीरनामा १९५२ मध्ये संमत झाला आणि २००२ व २०२२ मध्ये नव्याने लिहिला गेला. हे गृहस्थ त्यातील कलमे पूर्वी बायबलमधील वचने सांगत त्याच थाटात सांगू लागले. ज्या विचाराने आपला मसुदा दोनदा बदलला, त्याला पाठांतराची गरज काय, असे मी विचारले तेव्हा ते मनापासून हसले. समाजशास्त्रज्ञ हेलन रोज इबॉ, ज्या स्वतः एकेकाळी कॅथलिक नन होत्या, त्यांनी १९८८ मध्ये मांडले होते की सोडलेली भूमिका माणसाच्या नव्या ओळखीत 'माजी' म्हणून टिकून राहते. रुग्णवाहिकेचा आवाज आला की या गृहस्थांच्या ओठांवर अजून प्रार्थना येते आणि जुनी गीते ऐकून डोळे भरतात. हा विश्वास परतल्याचा पुरावा मानू नये आणि दुबळेपणाही मानू नये, असे आमचे ठरले.

नेदरलँड्समध्ये रुग्णालये, तुरुंग आणि सैन्यदलांत मानवतावादी समुपदेशक काम करतात, हे कळल्यावर आपले जुने कौशल्य वाया जाणार नाही याचा त्यांना धीर आला. सध्या ते मरणासन्न रुग्णांच्या सोबतीचे प्रशिक्षण घेत आहेत.

वृद्ध आईला मात्र त्यांनी अजून काही सांगितलेले नाही. तिने विचारले तर खोटे बोलायचे नाही आणि न विचारता सांगायचेही नाही, असे त्यांनी ठरवले आहे. सत्य सांगण्याचे कर्तव्य प्रत्येक नात्यात सारख्याच घाईचे नसते, त्यामुळे मला हा निर्णय योग्य वाटतो. त्यांच्या पत्नीला तो अजून पटलेला नाही.